दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३३, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. नोकरीला ४ वर्षं ४ महिने झालेत. हातात पगार ६१ हजार, मोशीतल्या फ्लॅटचा हप्ता साडेचोवीस हजार. बायको घरी शिकवण्या घेते, त्याचे महिना बारा हजार येतात. मुलगी पहिलीत, आईला मधुमेह, शिल्लक अडीच लाख. दहा महिन्यांपूर्वी नवे प्लांट हेड आले. तेव्हापासून सकाळच्या मीटिंगमध्ये ऑपरेटरांसमोर पाणउतारा, कस्टमरकडे माल रिजेक्ट झाला की रात्री तिथे जाऊन सॉर्टिंग (चांगला-खराब माल वेगळा करणं), आणि सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा. नोटीस दोन महिन्यांची. वडील म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. बायको म्हणते, सोड, बघू काय होईल ते. तुम्ही विचारताय की आधी राजीनामा देऊ की आधी नोकरी शोधू.

मी बरीच वर्षं चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली, आता याच भागातल्या कंपन्यांना माणसं शोधून देते. राजीनामे घ्यायच्या टेबलामागे बसलेय आणि 'आधीची का सोडली?' हे विचारायच्या टेबलामागेही. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: आज राजीनामा देऊ नका, पण राजीनाम्याची तारीख आजच ठरवा. कोणती तारीख आणि का, ते पुढे येईलच.

'नोकरीत राहूनच दुसरी शोध' हा सल्ला तुम्हाला दहा जणांनी दिला असेल. सल्ला चुकीचा नाही, पण देणाऱ्याने तुमचा दिवस पाहिलेला नसतो. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी सात-साडेसातला घरी, मध्येच कस्टमरचा फोन आला की रात्र गेली. असा माणूस रिझ्युमे उघडतो, 'उद्या नीट करतो' म्हणतो आणि झोपतो. वर आपल्या भागाची एक खास अडचण आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तुम्ही मोकळे असता तेव्हा जिथे मुलाखत द्यायची तेही बंद. म्हणजे दर मुलाखतीला रजा टाकायची, आणि ती मागायची कोणाकडे, तर ज्याच्यापासून सुटायचंय त्याच्याकडेच. त्यामुळे 'शोधतोय' म्हणणारे बरेच जण प्रत्यक्षात शोधत नसतात, आणि यात आळसाचा भाग कमी, थकव्याचा जास्त असतो. गेल्या दहा महिन्यांत किती ठिकाणी अर्ज केले, किती मुलाखती झाल्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तर 'दोन-तीन अर्ज' असं असेल, तर बाजारात तुम्हाला मागणी आहे की नाही हे तुम्हालाच अजून कळलेलं नाही. ते कळायच्या आत नोकरी सोडण्यात मला शहाणपणा दिसत नाही.

आता पैशाचं बघू, कारण इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. हप्ता २४,५०० आणि घरखर्च, शाळेची बस, सोसायटीचा मेन्टेनन्स, पेट्रोल, आईची औषधं मिळून मी ३०,००० धरते. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला. एकूण ५४,५००, त्यातून शिकवण्यांचे १२,००० वजा केले की दर महिन्याला ४२,५०० कमी पडणार. अडीच लाखाला त्याने भागलं की जवळजवळ सहा महिने येतात आणि माणसाला वाटतं, पुष्कळ आहेत. पण आईचा मेडिक्लेम कंपनीचा आहे आणि तो साधारणपणे तुमच्या शेवटच्या दिवशी संपतो. घरात मधुमेहाचा रुग्ण असताना एक लाख रुपये हात न लावता बाजूला ठेवलेच पाहिजेत. उरले दीड लाख, म्हणजे साडेतीन महिने.

दुसरी चूक याहून सर्रास होते. लोक नोकरीतला खंड मोजतात, खात्यातला मोजत नाहीत. समजा तुमचा शेवटचा दिवस ३१ मार्च. बऱ्याच कंपन्या शेवटच्या महिन्याचा पगार थांबवतात आणि फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात देतात. म्हणजे खात्यात आलेला शेवटचा पगार फेब्रुवारीचा, मार्चच्या पहिल्या आठवड्यातला. एप्रिल घरी गेला. मेच्या सुरुवातीला नव्या ठिकाणी रुजू झालात, तर तिथला पहिला पगार जूनच्या पहिल्या आठवड्यात. विसाव्या-बाविसाव्या तारखेनंतर रुजू झालात तर तेवढ्या दिवसांचे पैसे अनेक ठिकाणी पुढच्या महिन्याच्या पगारातच येतात. नोकरीत खंड एका महिन्याचा, पण एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंत तीन महिने, आणि नेमकी त्याच सुमारास शाळेची फी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकतं करायला हवं. मागायचा हक्क तुम्हाला आहे, जरूर मागा. घरचं बजेट मात्र ते पैसे यायला पंचेचाळीस दिवस लागतील असं धरूनच आखा.

पीएफ या हिशेबात धरू नका. नोकरी बदलली की तो नव्या खात्यात ट्रान्सफर करायचा असतो. मध्येच काढला तर सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांची साखळीही तुटू शकते. सरकारी बेकारी भत्त्याचंही मला बरेच जण विचारतात. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआयसी) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, पण ती २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगारांसाठी, आणि तीही ज्यांची नोकरी गेली त्यांच्यासाठी. स्वतःहून सोडणाऱ्याला काही नाही. राहिला हप्ता. तो ९० दिवसांहून जास्त थकला की बँकेच्या लेखी कर्ज बुडीत खात्यात जातं. तशी वेळ येतेय असं दिसलं तर पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला. चुकल्यावर गेलेल्या माणसाचं तिथे फारसं कोणी ऐकत नाही.

आता तारीख. तुमच्या ४ वर्षं ४ महिन्यांत एक गोष्ट दडली आहे जी तुमच्या प्रश्नात कुठेच नाही: ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम. कायम कर्मचाऱ्याला ती सलग पाच वर्षं झाली की मिळते. हिशेब असा: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. इथलं वेतन म्हणजे मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता. तो आकडा तुमचा २६,००० असेल, तर वर्षाला १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. मघाच्या हिशेबात हे जवळजवळ दोन महिन्यांचं घर आहे. आणि नोटीसचा काळ नोकरीतच धरला जातो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. म्हणजे तुम्हाला अजून आठ महिने गप्प बसायचं नाहीये. आजपासून सहा महिन्यांनी राजीनामा दिलात, दोन महिने नोटीस पूर्ण केलीत, की शेवटच्या दिवशी पाच वर्षं भरतात. आठ-दहा दिवस पुढे सरका, म्हणजे रुजू झाल्याच्या तारखेवरून कोणी वाद घालणार नाही.

पाचव्या वर्षात २४० दिवस काम भरलं तरी पाच वर्षं धरावीत, असा अर्थ काही न्यायालयांनी लावलेला आहे आणि काही कंपन्या तसे पैसे देतातही. काही देत नाहीत आणि मग तुम्हाला लढावं लागतं. तुमच्या कंपनीत याआधी असं सुटलेल्या कोणाला तरी हळूच विचारा. ते देत असतील तर तुमची तारीख आणखी अलीकडे येते, दोन-तीन महिन्यांवर. मात्र हेही सांगते की चांगली ऑफर आधी आली तर ७५ हजारांसाठी ती सोडू नका. नव्या कंपनीला घाई असेल आणि ते नोटीस विकत घ्यायला (उरलेल्या दिवसांचे पैसे भरायला) तयार असतील, तर 'लवकर आलो तर माझी ग्रॅच्युइटी बुडते' हे त्यांना कागदावर आकडा मांडून दाखवा. जॉइनिंग बोनस म्हणून ते भरून देणाऱ्या कंपन्या आहेत. न मागणाऱ्याला कोणी देत नाही.

म्हणून सहा महिने. या सहापैकी पहिले चार खरं शोधायचे. मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही मिळाली तरी ठरलेल्या तारखेला राजीनामा द्यायचा, दुसरी हातात नसली तरी. हो, मी एचआरवाली असून हे सांगतेय, आणि त्याला धंद्यातलं कारण आहे.

दोन-तीन महिन्यांची नोटीस असलेला माणूस भरती करणाऱ्याला नको असतो. कंपनी माझ्याकडे येते तेव्हा तिचा क्वालिटीचा माणूस आधीच गेलेला असतो आणि पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट असतं. नोकरी डॉट कॉमवर आम्ही नाव शोधतो तेव्हा नोटीस पिरियडचा फिल्टर लावतो: पंधरा दिवस, एक महिना, किंवा 'सध्या नोटीसवर'. साठ दिवसवाले त्या यादीतून आपोआप गळतात. त्यांचा रिझ्युमे वाईट म्हणून ते गळत नाहीत, तो आम्ही उघडलेलाच नसतो. राजीनामा दिलेला आणि शेवटची तारीख हातात असलेला माणूस मात्र वर येतो. राजीनामा मंजूर झाला की प्रोफाइलवर तारीख टाका आणि बघा, फोन वाढतात. शिवाय त्या दोन महिन्यांत पगार चालू असतो, मेडिक्लेम चालू असतो, आणि 'सध्या कुठे आहात?' याला उत्तर असतं. तेव्हा तुमच्यासमोर दोनच रस्ते आहेत असं नाही. नोटीसचे हे दोन महिने तिसरा रस्ता आहेत, आणि आपल्याकडच्या लांब नोटीसमुळेच तो तयार झालाय.

याला धोके आहेतच. बाजार मंद असेल तर साठ दिवस भुर्रकन जातात. प्लांट हेड नोटीसच्या काळात आणखी छळू शकतात. काही कंपन्या राजीनामा मिळताच 'उद्यापासून येऊ नका' म्हणतात. तेव्हा उरलेल्या दिवसांचे पैसे मिळणार की नाही, आणि तुमचं पाचवं वर्ष भरणार की नाही, हे नेमणूक पत्रातल्या कलमावर आणि तुम्ही आधी काय लेखी घेतलंय यावर ठरतं. ते पत्र कपाटातून काढून वाचा. 'वाटलं तर राजीनामा मागे घेईन' या भरवशावर तर राजीनामा कधीच देऊ नये. आणि कंपनीने प्रशिक्षणाला पाठवून बाँड लिहून घेतला असेल, तर 'असे बाँड कोर्टात टिकत नाहीत' हे ऐकीव ज्ञान विसरा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली आहे.

मग सरळ आजच राजीनामा देऊन, नोटीस संपवून, दोन महिने आराम करून का शोधू नये? खंडामुळे डाग लागतो म्हणून नव्हे. दोन-तीन महिन्यांचा खंड आमच्या क्षेत्रात कोणी फार मनावर घेत नाही. नुकसान होतं ते पगार ठरवताना. उमेदवार कामावर असतो तेव्हा कंपनी विचारते, 'किती दिलं तर याल?' तो घरी असतो तेव्हा म्हणते, 'आधी होता तेवढा देऊ, लगेच या.' मी कंपनीच्या बाजूने बसलेली असते, मला ते थांबवता येत नाही. आणि तिसरा हप्ता तोंडावर आलेला माणूस हो म्हणतो. तो कारखाना कसा आहे, आधीचा माणूस का गेला, यातलं काही न विचारता हो म्हणतो. वर्षाच्या आत तो पुन्हा माझ्याकडे आलेला असतो, तीच तक्रार घेऊन. तुमचे साडेतीन महिने मी मोजून दाखवले ते याचसाठी. ते संपत आले की निवड तुम्ही करत नाही.

मुलाखतीचंही सांगते, कारण रागात सोडलेल्या माणसाचं इथे हमखास बिघडतं. विचारतात, 'का सोडताय?' तो सुरू होतो: 'सर, तिथलं वातावरण फार खराब आहे, प्लांट हेड सगळ्यांसमोर...' समोर बसलेला माणूस बऱ्याचदा स्वतः प्लांट हेड असतो. त्याचं पेन थांबलेलं मी पाहिलंय. त्याच्या डोक्यात येतं की उद्या हा माझ्याबद्दलही असंच सांगेल. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी ती जागा ते सांगायची नाही. 'कस्टमरकडच्या तक्रारींचं, म्हणजे कस्टमर एंडचं काम साडेचार वर्षं केलं, आता सप्लायर क्वालिटीत (माल पुरवणाऱ्यांच्या क्वालिटीत) किंवा नव्या प्रोजेक्टच्या क्वालिटीत जायचंय' एवढं पुरे, आणि तेही खरंच हवं. तारखांत खोटं बोलू नका. तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) रुजू आणि सोडल्याच्या तारखा दिसतात आणि पडताळणीत त्या पाहिल्या जातात. एक महिन्याचा खंड झाकायला गेलेल्या माणसाची ऑफर रद्द होताना पाहिली आहे. खंड सांगितला असता तर कोणी काही म्हटलं नसतं.

रिझ्युमेत 'क्वालिटीची जबाबदारी सांभाळली' असं लिहू नका. सगळे तेच लिहितात. कस्टमरकडचा पीपीएम (दहा लाख नगांमागे खराब नग) किती होता आणि किती झाला, कुठल्या तक्रारीचं एट-डी (मूळ कारण शोधून बंदोबस्त करायची आठ टप्प्यांची पद्धत) तुम्ही शेवटपर्यंत नेलं आणि ती पुन्हा आली नाही, पीपॅप (पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची कागदपत्रं) किती पार्टचे केले, आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचे अंतर्गत ऑडिटर आहात का, हे लिहा. आकडे आठवणीतून लिहा. कंपनीचे कंट्रोल प्लॅन, ड्रॉइंग, रिपोर्ट स्वतःच्या मेलवर पाठवू नका. जाणाऱ्या माणसाचा मेल आयटीवाले तपासतात, आणि सरळ सुटणारं प्रकरण शिस्तभंगाचं होऊन बसतं.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला खटकली. तुम्ही प्लांट हेडबद्दल पाच ओळी लिहिल्यात आणि रात्रीच्या सॉर्टिंगबद्दल एक. मला वाटतं, ते उलट असायला हवं होतं. प्लांट हेड बदलतात. आमच्याकडे एकाच कारखान्यात फार वर्षं टिकलेले प्लांट हेड मोजकेच. अर्थात त्याची वाट बघत बसा असं मी म्हणत नाहीये. पण कस्टमर एंडच्या क्वालिटीचं काम हे मुळातच आग विझवण्याचं काम आहे. उद्या रांजणगावला तेच पद घेतलंत, तर माणूस बरा मिळेल, पण रात्री अकराचा फोन येईलच. त्यामुळे अर्ज करताना पदाचं नाव बघा. सप्लायर क्वालिटी, इनकमिंग (आत येणाऱ्या मालाची तपासणी), नवं प्रोजेक्ट, सिस्टिम ऑडिट, इथे ताण आहे पण तो वेगळ्या वेळेला असतो. पाच हजार कमी मिळाले तरी मी तिकडे झुकेन. तुमच्या कंपनीचा दुसरा प्लांट असेल तर आधी तिथे बदली मागून बघा. नाही म्हणाले तर काही गेलं नाही.

आता अपवाद, कारण 'आज राजीनामा देऊ नका' हे सगळ्यांना लागू नाही. तब्येत बिघडली असेल, झोप उडाली असेल, छातीत धडधड होत असेल, रात्री सॉर्टिंग करून दुचाकीवर परतताना डोळा लागला असेल, तर आधी डॉक्टर. साठलेली पगारी रजा कशासाठी आहे? आठ-दहा दिवस घ्या, डॉक्टरांचं पत्र जोडा. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्या अवस्थेत ग्रॅच्युइटी, हप्ता, माझा हा सगळा हिशेब बाजूला ठेवा.

दुसरा अपवाद क्वालिटीवाल्यांना नेमका लागू पडतो. मोजमाप न करता तपासणी अहवालावर सही करायला सांगतात का? रिजेक्ट झालेला लॉट 'जाऊ दे' म्हणून पास करायला लावतात का, जुन्या तारखा टाकून नोंदी भरायला लावतात का? तसं असेल तर ही नुसती वाईट नोकरी राहत नाही. उद्या ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा पार्ट तुटला की कागदावर सही तुमची असते, प्लांट हेडची नसते. तोंडी सांगितलं की 'सर, तुमच्या सूचनेप्रमाणे' म्हणून मेल टाका आणि सही करायला नकार द्या. निम्म्या वेळा मेल बघूनच सूचना मागे घेतली जाते. तरीही जबरदस्ती चालू राहिली तर सहा महिने थांबायला मी सांगणार नाही. तसंच दोन-दोन महिने पगार लांबवणाऱ्या कंपनीत थांबण्यात अर्थ नाही. तिथे थांबाल तेवढं बाकी वाढत जाईल.

आणि हे वाचणाऱ्या बायकांसाठी एवढंच: त्रास लैंगिक छळाचा असेल तर राजीनाम्याच्या आधी २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. मुदत तीन महिन्यांची असते, कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी चालू असताना तुम्ही मागितलीत तर समितीच्या शिफारशीने तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळते. राजीनामा देऊन घरी बसल्यावर हीच लढाई फार अवघड होते.

घरचं राहिलं. वडील आणि बायको एकमेकांच्या उलट सांगताहेत असं तुम्हाला वाटतंय, मला तसं वाटत नाही. वडिलांना हप्ता दिसतोय, बायकोला तुम्ही रात्री कसे झोपता ते दिसतंय. वडिलांनी आयुष्यभर एकाच ठिकाणी नोकरी केली असेल, तर मधल्या काळातली बेकारी ही त्यांच्या डोक्यात बदनामी आहे, आणि ते दोन वाक्यांत बदलणार नाही. त्यांना पटवत बसण्यापेक्षा मघाचा हिशेब दोघांसमोर कागदावर मांडा: किती महिने चालेल, तारीख कोणती, तोवर काय करणार. बायकोला विचारा, चार महिने शिकवण्यांच्या दोन बॅच वाढवता येतील का. दरमहा सहा-सात हजार जास्त आले तर तुमचे साडेतीन महिने चाराच्या पुढे जातात. आणि कृपा करून राजीनामा देऊन घरी न सांगता रोज कंपनीच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहू नका. असं करणारी माणसं असतात, आणि घरच्यांना कळतं तेव्हा नोकरी गेल्याचं दुःख मागे पडतं.

तारीख ठरली की प्लांट हेडचं ओरडणंही थोडं हलकं होतं, हे मी अनेकांकडून ऐकलंय. पण म्हणून तारीख पुढे ढकलू नका. अप्रेझलमध्ये चार हजार वाढले, ते प्लांट हेड एक दिवस गोड बोलले, राजीनामा दिल्यावर वरचे साहेब बोलावून 'किती हवेत सांग' म्हणाले, या तिन्ही वेळा माणूस थांबतो. पैशाने पगार बदलतो, सकाळची मीटिंग तशीच राहते.

येत्या गुरुवारी करायची कामं एवढीच: नेमणूक पत्रातलं नोटीसचं कलम वाचा, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि यूएएनचं पासबुक डाउनलोड करून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवा, साठलेल्या रजा मोजा, आणि चार महिन्यांच्या मुलाखतींसाठी त्यातल्या अर्ध्या रजा राखून ठेवा. मग एचआरला कंपनीच्या मेडिक्लेमबद्दल विचारा. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, त्यासाठी किती दिवस आधी अर्ज लागतो, आणि आतापर्यंतची वर्षं धरतात का. 'आईसाठी चौकशी करतोय' म्हटलंत तर कोणाला संशय यायचं कारण नाही. सरळ नवी पॉलिसी घ्यायची तर मधुमेहासारख्या आधीच्या आजारासाठी विमा कंपनी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा लावू शकते, आणि ते महिने पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजले जातात. म्हणून आईचा अर्ज राजीनाम्याच्या आधी जाऊ द्या.